उडत्या शिंप्याचं शेवटचं पान

दि. १२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,

थोरलीचे आशीर्वाद. तू रागावला आहेस म्हणून ते परत घेण्याची सोय नाही. इकडे सगळे बरे. तुझ्या दाजींचा चष्मा पुन्हा हरवला आहे. तो कपाळावर चढवूनच ते घरभर शोधत आहेत.

तुझं पत्र मिळालं. बावीस वर्षं तू आपल्या चित्रकथेतल्या उडत्या शिंप्याची चित्रं काढलीस आणि मी त्याच्या तोंडी संवाद घातले. आता हे शेवटचं पान, यापुढे शिंपी संपला, असं लिहितोस. कारण तेच, जे तू संपादकांसमोर टेबल आपटून सांगितलंस, "ताई, तुझे संवादांचे फुगे माझी चित्रं खातात! शिंपी उडतोय की निबंध वाचतोय?"

संपादक हसले. मीही हसले. संस्कृतच्या बाईला समास आवरत नाहीत, असं म्हणून मीच विषय मिटवला.

पण अरे शहाण्या, जन्मभर पोरांना सूत्रं शिकवली मी. मला थोडक्यात बोलता येत नाही, हे तुला खरं वाटलंच कसं?

दोन वर्षांपूर्वी तुझ्या चित्रांत इमारतींच्या कडा पहिल्यांदा वाकड्या आल्या. मग कात्री. मग शिंप्याची बोटं. तू काही बोलला नाहीस, मीही विचारलं नाही. जिथे रेघ थरथरली, तिथे मी मोठा फुगा कापला, चार जादा वाक्यं लिहिली आणि खळ लावून चिकटवला. वाचक शिंप्याला बडबड्या म्हणू लागले. म्हणेनात का! तुझ्या हाताला कोणी काही म्हणायला नको होतं.

चुकलंच माझं. विचारायचं सोडून झाकत बसले.

या पानावर शिंपी सुईत दोरा ओवतोय. सगळी रेघ थरथरते आहे. सवयीने फुगा कापला, तेवढ्यात तुझे दाजी (चष्मा सापडला होता) पान बघून म्हणाले, "अगं, शिंपी म्हातारा झाला की! ओवला जाईल ना गं दोरा?" बावीस वर्षांत त्यांनी शिंप्याची काळजी केल्याचं मला आठवत नाही.

फुगा केरात टाकला. पान सोबत पाठवते आहे, एकाही अक्षराशिवाय. छापायचं की नाही, तू ठरव. पण आधी डॉक्टरांकडे जाऊन ये. आणि दोरा ओवला गेला की नाही, तेवढं काढून पाठव. मला खरंच माहीत नाही.

तुझी मितभाषी
ताई