हनुवटी जरा खाली

प्रिय ढब्बू,

फोन न करता पत्र का, असं वाटलं असेल तर ऐक. फोनवर बाबांचं नाव काढलं की नेमकी तुझी लाइन कट होते. कागदाला तशी सोय नाही. तेव्हा शेवटपर्यंत वाच, आणि मला हसू नकोस, कारण प्रवासाला निघाल्यापासून मी तुझ्या वडिलांवर पाळत ठेवून आहे.

झालं असं, की गेल्या आठवड्यात बाबा स्टुडिओ बंद करून आले आणि जेवता जेवता म्हणाले, "भाड्याची गाडी घेऊ, चार दिवस फिरून येऊ. ड्रायव्हर नको, मीच चालवतो." माझा घास हातातच राहिला. या माणसाने मला आजवर नातेवाइकांच्या लग्नांपलीकडे कुठे नेलेलं नाही, आणि तिथेही फोटोची ऑर्डर असली तरच. दुसऱ्या दिवशी नवा शर्ट आला. मिशीला कलप लागला. मावशीला सांगितलं, तर ती म्हणते, "ताई, पाणी कुठेतरी मुरतंय. या वयात नवरा आपण होऊन फिरायला नेतो म्हणजे त्याला काहीतरी कबूल करायचं असतं." तुझी मावशी म्हणजे आगीत तेल, हे मला ठाऊक आहे. पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच.

गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या ऑफिसात गेलो, तर काउंटरवरची मुलगी यांना बघून ओळखीचं हसली. "आलात का काका? तुम्ही सांगितलेल्या सगळ्या जागा नकाशात टाकून ठेवल्यात." मी म्हटलं, कुठल्या जागा? बाबा म्हणाले, "अगं, फोटो काढायच्या." ज्या माणसाने जन्मभर पासपोर्टचे आणि साखरपुड्याचे फोटो काढले, 'डोंगराचे फोटो काढून पोट भरतं का? डोंगर येऊन पैसे देणार का?' असं म्हणत जो तुझ्याशी चार गिऱ्हाइकांसमोर भांडला, तो निसर्गाचे फोटो काढायला निघाला होता! तू स्टुडिओची किल्ली काउंटरवर ठेवून गेलास ती ते वाक्य ऐकूनच ना? मी पट्टा लावून मुकाट्याने गाडीत बसले, पण डोळे उघडे ठेवून.

आणि बरं झालं उघडे ठेवले. घाटाच्या आधी एक मोठा पॉइंट लागतो, सगळं जग तिथे थांबून फोटो काढतं, लोकांनी रांग लावली होती. बाबांनी तिथे वेगसुद्धा कमी केला नाही. पुढे एका साध्या पुलापाशी मात्र कचकन गाडी बाजूला घेतली. तिथे होतं काय? कठडा, गवत, खाली बेताचं पाणी. बाबा पाण्याकडे बघेनात. जमिनीकडे बघत इकडून तिकडे फिरत होते, एका जागी तर गुडघे टेकून बसले. काही हरवलंय का विचारलं, तर "तू जरा कठड्यापाशी उभी राहा" म्हणाले. आणि मग आपलं नेहमीचं, "हनुवटी जरा खाली. डोळे उघडे. हसायचं नाही." मोकळ्या आभाळाखाली मी पासपोर्टसारखं तोंड करून उभी! दरवेळी हेच चाललं होतं. एक वळण, एक बंद पडलेली गिरणी, एक ओसाड बसथांबा. दरवेळी मोबाइल उघडून माझ्याकडे पाठ करून काहीतरी बघायचं आणि मग थांबायचं. मला वाटायला लागलं, हे कुणाची तरी वाट बघताहेत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक स्कूटरवरची बाई मी न्याहाळून पाहिली. एकीने तर मला हात केला. मी घाईघाईने मान फिरवली.

मग ते झाड आलं. रस्त्याच्या कडेला एकटं, मधली मोठी फांदी मोडून लोंबकळलेली. ते झाड मी रोज सकाळी बघत होते रे. तू मावशीच्या पत्त्यावर गुपचूप पाठवलेलं ते टायर कंपनीचं कॅलेंडर, बाराही फोटो तुझे, खाली बारीक अक्षरात गावाचं नाव. मी ते केरसुणी-फडक्यांच्या कपाटात, दाराच्या आतल्या बाजूला लावलंय. बाबांनी जन्मात केरसुणीला हात लावलेला नाही, तेव्हा त्याहून सुरक्षित जागा घरात नव्हती. मागचा पूल, गिरणी, थांबा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. यांनी कॅलेंडरचं एकेक पान धरून गाडी चालवली होती, आणि मी मात्र यांच्यात खोट शोधत बसले होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. चोरून ठेवलं होतं मी.

मी ओळख दाखवली नाही. झाडाच्या पुढच्या पानावरच्या निळ्या पत्र्याच्या शेड येतात का ते बघू म्हटलं. आल्या. बाबांनी गाडी थांबवली आणि माझा संशय मिटायच्या ऐवजी दुपटीने वाढला. यांना कळलं कसं? मावशी फुटली? आणि कळलं तर बोलले का नाहीत? पत्ता तू मलाही दिला नाहीस, माझ्या पोटात काही राहत नाही म्हणून. पण तू याच रस्त्याच्या टोकाला कुठेतरी राहतोस एवढं मला माहीत होतं. म्हणजे हे तुझ्याकडे निघाले होते. कशाला? प्रत्येक जागी पुटपुटणं चालूच होतं. "अर्धा तास थांबला असता तर ही सावली हटली असती." "इथे माणूस हवा होता. माणसाशिवाय फोटो म्हणजे रिकामं ताट." मला धडकी भरली. चुका गोळा करून हे तुझ्या दारात येणार, पुन्हा तेच भांडण होणार, आणि या खेपेला तू फोनसुद्धा बंद करशील. रात्री मुक्कामाला बाबा शांत झोपले. मी आढ्याकडे बघत पडले होते.

तुझ्या नोव्हेंबरच्या पानावर दरी आहे ना, ती आज सकाळी आली. बाबांनी मोबाइलवर टिपून ठेवलेलं ते पान पुढे धरलं, दोन पावलं मागे, एक पाऊल बाजूला असं करत करत ते कठड्यापाशी आले आणि थबकले. तो फोटो कठड्याच्या अलीकडून निघतच नाही. तू पलीकडे उतरून, त्या हातभर कडेवर उभा होतास. बाबा कठडा धरून खाली बघत राहिले. "इथे उभा होता गाढव," म्हणाले, "पाय घसरला असता म्हणजे?" त्या जागी त्यांनी मला उभं केलं नाही, फोटोही काढला नाही. गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ किल्लीच फिरवेनात. मला तेव्हा आठवलं, मावशीच्या ऑपरेशनला मी महिनाअखेरीस गेले होते आणि पुढच्या महिन्यात परत आले, तेव्हा कपाटातलं पान उलटलेलं होतं. मला वाटलं होतं, जाताना मीच उलटून गेले असेन. ढब्बू, मी उलटलं नव्हतं.

आता हे पत्र का, ते सांगते. तुझं डिसेंबरचं पान गल्लीचं आहे, वरून घेतलेलं, आणि त्यात चहाच्या दुकानाची पाटी दिसते. बाबा म्हणाले, "हा फोटो रस्त्यावरून काढलेला नाही. हा खिडकीतून काढलाय. पोरगा इथे राहतो." त्या पाटीखालच्या टेबलावर बसून मी हे लिहिते आहे. दुकानाच्या बाई म्हणाल्या, "वरचे फोटोवाले ना? तिसरा मजला." त्याच हे पत्र तुझ्या चहाबरोबर वर आणतील. बाबा वर यायला तयार नाहीत. "त्याला वाटलं तर तो बघेल," एवढंच म्हणाले. पण त्या पानावर रस्त्याच्या कडेला जी मोकळी जागा आहे, बरोबर तिथे, दोनदा मागेपुढे करून, त्यांनी गाडी लावली आहे. आणि नवा शर्ट घालून, गाडीला टेकून, वर बघत उभे आहेत. तेव्हा चहा राहू दे, कॅमेरा घेऊन खिडकीत ये. आणि त्यांना सांग, हनुवटी जरा खाली.

खाली वाट बघणारी, तुझीच,
आई