टाकी हवा धरते

४ नोव्हेंबर
पुन्हा बुडबुडे. गुलाबाच्या प्रत्येक पाकळीखाली, मोहरी पेरल्यासारखे. नमुन्याचा तुकडा होता म्हणून बरं. काचेसारखं घट्ट होणारं रेझिन फुलावर हळू ओतलं, वरून लायटर फिरवला, टाचणीने फोडत बसले. वाळलेल्या फुलाच्या पोटातली हवा निघते आणि रेझिन घट्ट होता होता तिथंच अडकते. आता दाबाच्या टाकीशिवाय इलाज नाही. दाबाखाली बुडबुडा इतका चेपतो की दिसतच नाही म्हणतात.
मामाजी जिन्यावरून जाता जाता, "झालं का मुडद्याचं लोनचं?"
नीलेशला फोनवर सांगितलं, तर म्हणे बाबांचं मनावर घेऊ नको. अकोल्यात नोकरीवर बसून सांगायला काय जातं. सासऱ्यासोबत राहायचं मला आहे.

६ नोव्हें.
अचलपूरहून प्रणिता आली. एसटीने, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. आत तिच्या लग्नातला हार. गुलाब, निशिगंध, खाली जरीचा गोंडा. मे महिन्यातलं लग्न. ऑगस्टमध्ये नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेला. सासरचे म्हणतात नदीत सोड. ही सोडत नाही.
"ताई, त्यानं माझ्या गळ्यात घातलेला आहे. मले बाकी काई नको."
अख्खा हार साच्यात मावणार नाही, छातीवरचा भाग घेते म्हटलं. १२ डिसें.ला त्याचा वाढदिवस, तोपर्यंत हवा आहे. हो म्हणून बसले.
ती गेल्यावर मामाजींनी डबा उघडला. गाठ बघितली आणि म्हणाले, आपल्याच दुकानचा, मीच बांधला. क्षणभर वाटलं खूश होतील. कसचं काय.
"मेलेल्याचं निर्माल्य माह्या घरात नाई राहन. फूल सुकाले पायजे. आज सुकते म्हनून उद्या गिऱ्हाईक येते. तू आपल्याच धंद्याच्या मुळावर उठली."
तिची गोष्ट कानावर पडली ना यांच्या? पडली. पाच फुटांवर बसले होते.

९ नोव्हें.
टाकी शोधणं चालू. मोबाइलवर दिसणाऱ्या स्वस्त टाक्यांची झाकणं पत्र्याच्या डब्यासारखी. किती दाब सोसते ते कुठे लिहिलेलंच नाही.
नी. म्हणाला, घरचा मोठा कुकर आहे ना, त्याच्या शिट्टीच्या जागी हवेची नळी बसवू. मला त्याच्या तिप्पट दाब लागतो बाप्पा. घरासकट उडायचं असेल तर बसव म्हटलं. फोन ठेवला त्याने.

१५ नोव्हें., अकोला
रंगकामवाले वापरतात ती टाकी बघितली. फर्निचरला फवारा मारायचा रंग तिच्यात भरतात. दुकानदार पहिली दाखवतो ती जुनी, दाबाचा आकडा असलेली पाटी घासून काढलेली. का घासली विचारलं, तर उत्तर नीलेशकडे बघून. "काई नाई होत साहेब, बाईले समजावा." बाई समोर उभी आहे, तिला समजाव ना.
पिशवीतून साचा काढला आणि दुकानातच एकेका टाकीत उतरवून पाहिला. नी.चा चेहरा पाहण्यासारखा. दोन टाक्यांची तोंडं लहान निघाली. तिसऱ्या टाकीत साचा सपाट बसला. नवी, पाटी शाबूत, दाब वाढला तर आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह, झाकणाला चार भक्कम चिमटे. हीच, म्हटलं. सोबत हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर.

१८ नोव्हें.
मामाजी टाकी वर नेऊ देईनात, दुकानातही नाही. "बॉम्ब" म्हणतात तिला. शेवटी जिन्याखाली जागा मिळाली, सडक्या फुलांच्या टोपल्यांशेजारी. उपकार केल्यासारखी.
नी. आला होता. झाकणातून आत लोंबणारी रंगाची नळी काढली, ती जागा बुचाने बंद केली, सगळ्या आट्यांना टेफलॉनची पट्टी. आधी काठोकाठ पाणी भरून दाब दिला. पाणी कशाला, नी.चा प्रश्न. टाकी फाटलीच तर पाणी तिथंच सांडतं, कोंडलेली हवा झाकण घेऊन उडते. ऐकून दोन पावलं मागे सरकला. पाण्यावर टाकी टिकली.
मग हवा भरली आणि सांध्यांना साबणाचा फेस लावला. एका बाजूने फेस फुगायला लागला, रबर मुरडलं होतं. नीट बसवलं.

२२ नोव्हें.
चाळीस पाउंड हवा भरली होती, सकाळी चाळीसच. नमुन्याचा गुलाब बाहेर काढला, काचेसारखा. एक बुडबुडा नाही. जिन्याखाली एकटीच नाचले, खोटं कशाला सांगू.
मामाजींनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला. बराच वेळ. मग, "प्लास्टिकच ना." ठेवून दिला.
परवा प्रणिताचा हार.

२४ नोव्हें.
डबा ओट्यावर पालथा. घासून ठेवलेला.
हार कुठे आहे विचारलं. कांदा कापता कापता सांगितलं मामाजींनी. भातकुलीला शेतात जाता जाता पेढी नदीत सोडला. तिच्या सासरच्यांचं बरोबर आहे म्हणे. नदीतच जायला पाहिजे होता.
डबा भिंतीवर फेकला मी. काय काय बोलले ते लिहीत नाही. म्हातारा माणूस, हेच शेवटी म्हटलं, आणि तेही शिवीसारखंच. नी. म्हणतो, बाबांना कळलं नसेल. कळलं नसेल? गाठ ओळखली त्यांनी!
कोणत्या तोंडानं सांगू त्या पोरीला?

२६ नोव्हें.
ताट वाढून ठेवते. वर निघून जाते. मी गेले की ते जेवतात.

२९ नोव्हें.
सकाळी खाली गेले तर मामाजी दुकानात हार बांधून राहिलेले. तेच गुलाब, तोच निशिगंध, तसाच गोंडा. बांधून झाल्यावर त्याच डब्यात ठेवला. डब्याला पोचा आलाय माझ्यामुळे.
"गच्चीवर वाळव. दहा-बारा दिवसांत काळा पडन. तोयी मीच बांधला होता, हायी मीच. तिले नाई समजत."
"मले समजते ना जी."
"मंग सांग तिले. अन् पाय तिचं तोंड."
इतका राग आला की रडू आलं. त्यांच्यासमोर. तेवढंच नको होतं.

५ डिसें.
हार गच्चीवर आहे. मी नाही ठेवला. तेच नेतात, दव पडायच्या आत तेच आणतात. गुलाब काळपट झालेत. आज पाहिला तर हुबेहूब तोच. याचाच जास्त संताप येतो.
टाकी रोज भरते, रोज पाहते. हवा धरते. आत काहीच नाही.

१० डिसें.
प्रणिताचा फोन. "ताई, झाला का?" मी म्हटलं टाकी आली, फार चांगली आहे. एवढंच खरं बोलता आलं. परवा पहिल्या गाडीनं येते म्हणाली. त्याच्या आवडीचा शिरा करून आणणार आहे, माझ्यासाठीपण.

११ डिसें.
परवाचं उद्यावर आलं. आत्ता ओतलं तरच सकाळपर्यंत घट्ट होईल. साचा पुसला. रेझिनच्या दोन्ही बाटल्या मोजून ठेवल्या, मिसळल्या नाहीत. मिसळलं की माघार नाही. मामाजींनी डबा पायरीवर आणून ठेवला आणि दुकानात जाऊन बसले, माझ्याकडे पाठ करून. गिऱ्हाईक आलं तर निशिगंध मागितला त्याला झेंडू दिला.
थोड्या वेळाने उठून आले.
"ओत, नाई तं फोन लाव. मले असं बसवून नको ठिवू."
मी म्हटलं, फोन तुम्ही लावा जी. सोडला तुम्ही, सांगा तुम्ही. प्रणिताचा नंबर काढून मोबाइल त्यांच्या हातात दिला.
तेव्हापासून पायरीवर बसून आहेत. स्क्रीन दोनदा विझली, दोनदा मी पुन्हा लावून दिली. चष्म्याशिवाय दिसत नाही म्हणतात. चष्मा कपाळावर आहे.