बर्फात ठेवलेला फोन

उमरोळी

प्रिय मेहुल,

वापीला मामाच्या घरी तू नीट पोचलास, एवढं आईकडून कळलं. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी उपयोग नाही, कारण मी बोलायला लागलो की दोन वाक्यांनंतर भाषण सुरू होतं, असं तू शाळेत असल्यापासून म्हणत आलास. "पप्पा, घरात माइक नाहीये," हे तुझं वाक्य मी कामगारांच्या कितीतरी सभांत सांगितलं, आणि दर वेळी लोक हसले. म्हणून कागदावर लिहितो. कागदावर आवाज चढला तर खोडता येतो.

आईचा गुडघा तसाच आहे. जिना चढताना दर पायरीला तुझं नाव घेते, पण मला दोष देत नाही. तिने दिला असता तर बरं झालं असतं. परवा बोईसरला गेलो होतो. चित्रालयजवळ तुझ्या मोबाइल दुरुस्तीच्या गाळ्यासमोरून जाणार नाही असं ठरवलं होतं, तरी पाय तिकडेच वळले. शटरवर कुणीतरी क्लासची जाहिरात चिकटवली आहे. मी ती नखाने खरवडत होतो तेवढ्यात एमआयडीसीतला एक कामगार थांबला. "चाचा, मेहुलभाई गाँव गये क्या? मेरा डिस्प्ले उनके पास पड़ा है." मी म्हटलं, "आयेंगे." इतकं छोटं भाषण मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि त्यातलंही खरं किती, ते मला ठाऊक नाही.

तिथून चिंचणीला निमेशच्या घरी गेलो. ओटीवर त्याचा फोटो लावला आहे, तुमच्या दहावीच्या सहलीतला. त्याच्या खांद्यावर एक हात दिसतो, तो तुझा आहे. फोटो मोठा करताना तुला कापलं, हात तेवढा राहिला. जमनाबाय मुलाच्या फोटोखाली बसून जाळ्याचा गुंता सोडवत होती. होडी विकून झाली, जाळं कशाला नीट करतेस, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. सुनेने, उन्नतीने, चहा दिला. तिची धाकटी माझ्या चष्म्याशी खेळत होती. त्या घरात माणूस गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे कारखान्याच्या स्फोटात तो स्वतःच्या चुकीने गेला, सोबत आणखी दोघांना घेऊन गेला, असं कंपनीने कागदावर आणलं आहे. ते कायम झालं तर उन्नतीच्या हाती काही पडणार नाही, आणि उद्या त्या पोरी शाळेत गेल्या की कोणीतरी विचारेल, तुझ्या बापाच्या फोनने आग लागली ना गं?

त्या फोनची गोष्ट तुझ्याइतकी कुणाला माहीत नाही. तरी लिहितो, कारण ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मला एकदा माझ्या स्वतःच्या डोळ्यांसमोर मांडायची आहे. निमेशचा फोन होडीतून उतरताना दगडावर पडला आणि काच तडकली. तू नवीन स्क्रीन बसवून दिलीस. कंपनीची महाग म्हणून साधी बसवलीस, त्यानेच तशी सांगितली होती. त्यानंतर फोन तापायला लागला. खिशात ठेवला की मांडी भाजते, म्हणायचा. आपल्याकडे आला तेव्हा तुझ्या आईला म्हणाला, "काकी, याच्यावर पापड भाजा." तू हसून म्हणालास, कॉपी डिस्प्ले आहे, जरा तापणारच. मग एकदा दुपारी तो झोपला असताना फोन नुसता ठेवल्या ठेवल्या तापला, आणि जमनाबायने उचलून मासळीच्या पेटीत बर्फाखाली सरकवला. तिचं काय चुकलं? जन्मभर तिने हेच केलं. जे नासायला लागलं, उतरायला लागलं, गरम झालं, ते बर्फात घालायचं. "पापलेट टिकतो तं यो का नाय टिकाचा?" असं तिने मलाही विचारलं होतं. मी इतकी पुस्तकं वाचलेला माणूस, मीही नुसती मान हलवली.

त्या बर्फाचं पाणी स्क्रीनच्या कडेने आत गेलं. तू बसवलेली काच नीट चिकटली नव्हती. फोन मधूनच बंद पडायला लागला आणि निमेश तो घेऊन तुझ्याकडे आला.

इथपर्यंत तुझं माझं एकमत आहे. पुढे कंपनी म्हणते, की तो फोन घेऊन निमेश दुसऱ्या पाळीला आत गेला, सॉल्व्हंटच्या टाकीजवळ फोन तापून पेटला आणि स्फोट झाला. ढिगाऱ्यात वितळलेला एक फोन सापडला, तो त्याचाच म्हणतात. आत फोन न्यायला बंदी आहे, ही गेटवरची पाटी त्यांनी फोटो काढून जोडली आहे. ड्युटी बदलली की सुपरवायझर व्हॉट्सॲपवर कळवतो आणि उत्तर आलं नाही तर खाडा लावतो, त्याचा फोटो कोण काढणार? निम्मी पाळी मोज्यात फोन लपवून आत जाते. वितळलेला तुकडा कुणाचाही असेल. टॉवरची माहिती मागवली, तर ती सांगते की निमेशचा फोन बोईसरात बंद झाला. कारखाना त्याच टॉवरखाली, तुझं दुकानही त्याच टॉवरखाली. कुठल्या भिंतीआड बंद झाला, ते टॉवर सांगत नाही. त्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतो अशी तक्रार निमेशनेच दोनदा तोंडी केली होती. तोंडी. आपली माणसं तोंडीच तक्रार करतात, कारण लेखी केली की कंत्राटदार दुसऱ्या दिवशी गेटपास काढून घेतो.

मी सभा घेतली. तू गेल्यानंतरची गोष्ट. नाक्यावर टेम्पोच्या हौद्यात उभा राहून बोललो. नफ्याला वास येत नाही पण गळक्या व्हॉल्व्हला येतो, असं म्हणालो. मेलेल्या माणसाला साक्षीला बोलावता येत नाही म्हणून त्यालाच आरोपी करणारी ही व्यवस्था आहे, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. कंत्राटदाराचा माणूस कडेला उभा राहून मोबाइलवर माझं चित्रण करत होता आणि तोही मान डोलावत होता. खाली उतरलो तर उन्नती उभी. पदर डोक्यावरून घेतलेला, चेहरा कोरडा. म्हणाली, "भाऊ, तुमी बोललात की टाळ्या पडतात. घरी गेल्यावर मी त्या टाळ्या पोरींना वाढू काय?" ती पुढे म्हणाली, कंपनीचा माणूस येऊन गेला, चूक कबूल केली तर माणुसकी म्हणून काहीतरी देऊ म्हणाला. "सासू नाय म्हणते. माझी शक्ती संपली." मी तिला थांब म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं, ते तिने विचारलं नाही, हे तिचे उपकार.

कारण तिला अजून ठाऊक नाही, की तू काय लिहून दिलं आहेस.

मला दाखवलं. स्फोटाची चौकशी करणाऱ्या साहेबांनी मुद्दाम बोलावून दाखवलं, चहा पाजून. "बळवंतराव, तुमच्याच चिरंजीवांची सही ओळखा." ओळखली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही गिरवून गिरवून जी तुझी झाली, तीच. फोन दुरुस्त करून परत दिला, तापतो म्हणून कारखान्यात नेऊ नको असं ग्राहकाला बजावलं होतं, असं तू लिहिलं आहेस. साहेब माझ्या तोंडाकडे पाहत होते. मी म्हटलं, अक्षर छान आहे.

तू पैसे घेतलेस असं मी एक क्षणही मानलं नाही. तुला मी ओळखतो. तू घाबरलास. स्क्रीन बसवताना आतली उष्णता पसरवणारी काळी पट्टी फाटली होती आणि तू दुसरी न लावताच फोन परत जोडलास, हे तू मला स्वतः सांगितलं होतंस, जेवता जेवता, जणू भाजीत मीठ कमी पडलं असं. स्फोटानंतर तुझ्या मनात तीच पट्टी अडकून बसली. मग त्यांचा माणूस आला आणि म्हणाला असेल, फोन तापायचा हे अख्खी चिंचणी सांगते, तूच बिघडवलास, आता तीन मरणं तुझ्या डोक्यावर. वाचायचं तर एवढं लिहून दे. तू लिहून दिलंस आणि स्वतःला वाचवलंस. मेहुल, ज्या आगीशी तुझा संबंध नव्हता तिच्यातून तू स्वतःला वाचवलंस, आणि निमेशला तिच्यात टाकलंस.

आता मी बोलतो ते भाषण नाही. त्या दिवशी तुझा डबा घरी राहिला होता, म्हणून मी तो घेऊन दुकानात आलो होतो. निमेश जाऊन थोडाच वेळ झाला होता. त्याचा फोन तुझ्या टेबलावर उघडा पडला होता, पाठ वेगळी, बॅटरी काढून बाजूला, दिव्याखाली वाळत. दुकानभर सुक्या बोंबलाचा वास सुटला होता. तू म्हणालास, "पप्पा, हा पेशंट थेट मासळीबाजारातून आलाय." फ्रेमच्या कडेत माशाचा खवला अडकला होता. तू तो चिमट्याने काढून माझ्या तळहातावर ठेवलास आणि म्हणालास, घ्या, फी. आपण दोघं हसलो. मी तो खवला उजेडात धरून पाहत होतो, तेवढ्यात आवाज झाला. काउंटरची काच थरथरली. रस्त्यावरची सगळी माणसं एकाच दिशेला बघायला लागली. तू म्हणालास, "निमेशची सेकंड आहे." आणि तू त्याला फोन लावायला तुझा फोन उचललास, नंबर काढलास, आणि थांबलास. कारण त्याचा फोन तुझ्या पुढ्यातच पडला होता. आपण दोघांनी त्या फोनकडे पाहिलं. तुझा तो चेहरा मी अजून पाहतो. त्याला हाक मारायची एकच वाट होती, ती तुझ्या टेबलावर उघडी पडली होती.

तो फोन आता कुठे आहे, मी विचारणार नाही. खाडीत टाकला असलास तर खाडीत. ओळखीच्या माणसाला तू पावती देत नाहीस, म्हणून पावतीही नाही. उन्नती सांगते तो फोन दुकानात होता, तर ती बायको, तिचं कोण धरणार. जमनाबाय सांगते, तर ती आई. राहिलो तू आणि मी.

गुरुवारी पालघरला शेवटची चौकशी आहे. मी साक्षीला उभा राहतो आहे. काय होईल ते मला आजच दिसतं. साहेब घड्याळ बघतील. कंपनीचा वकील हसेल आणि म्हणेल, हे तर रोज नाक्यावर बोलतात. आणि तो खोटं बोलणार नाही. जे मी कधी पाहिलं नाही, दुसऱ्या देशांतल्या गिरण्या, दुसऱ्या शतकातले संप, पुस्तकात वाचलेले गोळीबार, ते मी आयुष्यभर असं सांगितलं की जणू तिथे उभा होतो. आता एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली, तळहातावर धरली, तर ती माझ्या तोंडून आली म्हणूनच कोणी धरणार नाही. मी ती अगदी साध्या आवाजात म्हणून बघितली. आईसमोर म्हटली. ती ऐकून म्हणाली, "साधं बोललात की तुम्ही जास्तच खोटे वाटता." मग पदराने डोळे पुसत आत गेली.

निमेशचं नाव बहुधा धुतलं जाणार नाही. उन्नती आठवड्याभरात त्यांच्या कागदावर सही करेल आणि मी तिला अडवू शकणार नाही. तुझ्यामागे मात्र खोटं लिहून दिल्याचं लचांड लागेल. म्हणजे मी बोलून कोणाचं भलं होणार नाही आणि तुझं वाईट होईल, हे हिशेबाने मला कळतं. तरी न बोलून मला त्या ओटीवर पुन्हा बसता येणार नाही. तू ये, असं मी लिहीत नाही. येशील असं वाटतही नाही. वकील मला विचारणार आहे, बळवंतराव, तुमचा मुलगा वेगळं लिहून देतो, मग दोघांत खोटं कोण बोलतं? त्या वेळी हात वर न करता, आवाज न चढवता मला तुझं नाव घ्यावं लागेल. ते तू दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकू नयेस, म्हणून हे पत्र. शेजारचा भाग्येश उद्या वापीला जातो आहे, त्याच्या हाती देतो. सोबत आईने सुकट दिली आहे, ती मामीला दे.

तुझाच, गुरुवारनंतरही तुझाच,
पप्पा