ए ना, ताई?

महाड, दि. १८ ऑगस्ट २०२४

चि. राजेंद्र,

आशीर्वाद. मी बरी आहे. तू कसा आहेस हे विचारायची हिंमत नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. फोन केला नाही, कारण फोनवर काय होतं ते आपण पाहिलंय.

सेजलच्या पुण्याला पाठवलेल्या रक्ताचा रिपोर्ट आमच्या लॅबमध्ये आला. हिपॅटायटिस ई, जनुकीय प्रकार पहिला. हा माणसाच्या मैल्यातून पिण्याच्या पाण्यात उतरतो. म्हणजे तिच्या माहेरचं मटण नाही, नाते गावातल्या आपल्या घरचा नळ, ज्याची पाइप गटारातून येते. तेराव्याला आई व्याह्यांना जे वाट्टेल ते बोलली, त्याची माफी आता तिने त्यांच्या दारात जाऊन मागावी.

आणि तू! बायकोला आठवा महिना. अन्नाचा वास नको, लघवी कोऱ्या चहासारखी, डोळे पिवळेधमक. आई म्हणते, "डोहाळे हायत गो, काय नाय होत." आठव्यात कसले डोहाळे? आणि तू तिला पोलादपूरला त्या भागोजीकडे काविळीची माळ घालायला नेलंस. माळ गुडघ्यापर्यंत लांबली, म्हणजे कावीळ उतरली म्हणून खूश! ती भर दुपारी बरळत होती, तुलाही ओळखत नव्हती, तेव्हाही तू माळच बघत बसलास. गरोदरपणात ई झाली की यकृत चार दिवसांत हात टेकू शकतं. पोटातल्या मुलीसकट गेली रे ती.

इथपर्यंत लिहून मी हे पत्र तीनदा फाडलं.

त्या सोमवारी आमच्या लॅबमधल्या पहिल्या तपासणीवरून मी तुला फोनवर "ई" म्हटलं. मागे मशिनची घरघर, समोर रक्त द्यायला आलेल्यांची रांग. तू विचारलंस, "ए ना, ताई? मला सहावीत झालेली तीच?" मी धड ऐकलंही नाही. "हो, हो" म्हणाले आणि फोन ठेवला. तुझी ए नुसत्या पथ्यावर बरी झाली होती. म्हणून तू थांबलास.

हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्यास, माझ्याही. त्याचाही मला राग येतो, राजू.

हे पत्र सेजलच्या बाबांना वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. आणि पाणी उकळून प्या.

"हो, हो" म्हणालेली,
तुझी उज्वलाताई