रक्त नको झाल्यावर

दुसरबीड,
११ डिसेंबर २०२४

फहीमभाऊ,

तुमाले अन् भाभीले सलाम. गुलनाज आता हिंडूफिरू लागली असंल. बाळाचं नाव काय ठेवलं ते कळवा. मी तीन झबली शिवून ठेवलीत, मापाचा अंदाज चुकला तर हसू नका. इकडं थंडी बरीच पडली. लग्नसराई असल्यानं ब्लाउजांचा ढीग पडलाय, मशीनवर बसून बसून मान धरते. बाकी ठीक.

फोन असताना पत्र काऊन, असं म्हणाल. फोनवर तुमी हसवता अन् मंग मी मुद्द्याची गोष्ट गिळून टाकते. दोनदा असंच झालं. कागद काही हसवत नाही.

तुमी मले पहिल्यांदा रक्त दिलं तवा मी नऊ वर्षांची होती. दर वीस दिवसाले पिशवी लागायची. थॅलेसेमिया हा शब्द मायच्या जिभेवर कधी बसला नाही, पण ‘बी निगेटिव्ह’ मात्र ती खडखडीत म्हणायची. गळ्यात माळ असून रक्त देणाऱ्यासाठी अंडी उकडायची, ओसरीवर, वेगळ्या पातेल्यात, नाकाले पदर लावून! तुमी मुद्दाम म्हणायचे, “मावशी, कच्चं राह्यलं.” ती बिचारी पुन्हा स्टोव्ह पेटवायची. ती गेल्यावर मीही तसंच चालवलं. जो रक्त देईल तो आपल्या घरी जेवूनच जाईल.

आता खरं सांगते. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू आहे. गेल्या वर्षी त्यात माझं नाव घेतलं. दर एकवीस दिवसाले दंडात एक सुई. सगळ्याईले लागू पडत नाही. माझ्यासंगतच्या भागवतले काहीच फरक पडला नाही, तो अजून पिशव्या घेते. मले लागू पडलं. एप्रिलपासून मले रक्त चढलं नाही, भाऊ. एक थेंब नाही.

गावातले म्हणाले, सुटली बाई एकदाची. सुटलीच मी. रक्त देणारे येत, बसत, लेकराबाळांचं सांगत, जेवून जात. आता कोण कशाले येईल? कोणाचं चुकलं नाही त्यात. भेटले की हात करतात. घरात एका माणसाची भाजी करता करता मले कधी कधी रडू येते. आजारी होती तवा असं झालं नव्हतं.

सप्टेंबरात मी तुमाले फोन केला, हिमोग्लोबिन सहावर आलं म्हणून. ते साडेनऊ होतं. तुमी खामगावहून दोन एसट्या बदलून जालन्याले आले, रक्तपेढीत पिशवी दिली. मी म्हटलं, मी उद्या चढवून घेईन, आता घरी चला. त्या दिवशी माझ्या घरात दोन ताटं वाढली. तुमी मेहकरच्या गाडीपर्यंत बसले, तुमच्या कापसाच्या जिनिंगमधल्या गमती सांगितल्या. मी किती हसली! तुमचं रक्त कोण्या दुसऱ्याच्या कामी आलं असंल. पण मले ते नको होतं. मले तुमी जेवायले पाहिजे होते.

अन् महिनाभरानं गुलनाजचं बाळंतपण. रक्त थांबेना. तिचा गट तुमचाच. तुमी बाही वर करून उभे राह्यले अन् नर्सनं विचारलं, मागं कधी दिलं होतं? तुमी खरं सांगितलं. तीन महिने झाल्याबिगर घेत नाहीत. आपली पोरगी आत पांढरीफटक पडलेली अन् बाप अडीच तास खामगावात दारोदार. तो आपल्याच गटाचा शाळेचा मास्तर सापडला नसता तर?

हे सगळं तुमीच मले फोनवर सांगितलं, अन् वरून मलेच समजावलं, “तुले दिलं त्याचं वाईट वाटून घेऊ नको, पुष्पा. ते तर द्यायचंच होतं.” मी ‘देवाची कृपा’ म्हणून फोन ठेवला. तवापासून मले अन्न गोड लागत नाही. मी खोटं बोलली, भाऊ. तुमच्या लेकीच्या जिवावर आलं होतं ते माझ्या खोट्यानं.

डॉक्टरीणबाईले विचारलं, माझं रक्त आता कोणाले चालंल का? त्या म्हणाल्या, नाही, कधीच नाही. म्हणजे फेडायचीही सोय नाही.

गुलनाजले हे पत्र दाखवा. ती माझं तोंड पाहणार नाही म्हणाली तर तिचं बरोबर आहे. तुमी शिव्या द्या, पण द्यायले तरी फोन करा.

आजवर तुमाले बोलवायले माझ्याजवळ आजार होता. आता काहीच नाही. तरी बोलावते.

तुमची, बरी झालेली,
पुष्पांजली