तिसरा घास

हिदार १६

पोचले एकदाची! बिरुकने, माझ्या लेकाने, वॉशिंग्टनहून ही खोली ठरवली तेव्हा मी त्याच्यावर करवादले होते. म्हातारीला असले श्रीमंती थाट कशाला, म्हटलं. खरं लिहायचं तर आल्यापासून मी शाळकरी पोरीसारखी प्रत्येक गोष्टीला हात लावून बघते आहे. बिशोफ्तूच्या सरोवराला लागून, उतारावर टप्प्याटप्प्याने बांधलेलं हे हॉटेल अवघ्या नऊ खोल्यांचं आहे. माझी खोली सगळ्यात वर. बाल्कनीत उभं राहिलं की खाली वाटीतल्या पाण्यासारखं सरोवर, पलीकडच्या काठावर गाव आणि चर्चचं गोल छप्पर. न्हाणीघर तर एवढं मोठं की आदिस अबाबातल्या आमच्या घरी तेवढ्या जागेत दोन भाडेकरू राहिले असते.

आमचं घर म्हणजे जे होतं ते. रस्तारुंदीत गेल्या आठवड्यात पाडलं. नव्या इमारतीतल्या फ्लॅटची किल्ली मिळायला अजून अकरा दिवस आहेत. ह्याच हिदार महिन्याच्या सत्तावीस तारखेला बिरुक स्वतः येऊन मला तिकडे नेणार. तोवर राणीसारखी राहा, आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांच्या वह्या तपासल्यास, असं म्हणाला. राणी तर राणी. ही वहीसुद्धा हॉटेलनेच उशाशी ठेवली आहे. कोरी वही दिसली की मला राहवत नाही.

हिदार १७

नाताळापर्यंतचा उपास परवाच सुरू झाला. मी ऊन कलेपर्यंत तोंडात काही घालत नाही, त्यामुळे बाकीचे पाहुणे, सगळी जोडपीच आहेत, जेवून उठल्यावर माझं पान वाढलं जातं. जागा मात्र सुरेख दिली आहे. एकशेचाळीस पायऱ्या उतरून अगदी पाण्याच्या कडेला, दोन खुर्च्यांचं टेबल. गुडघ्यांनी जाताना एकदा आणि येताना दोनदा शिव्या घातल्या.

इंजेरा, म्हणजे आमची आंबवलेली मऊ भाकरी, मसुराची तिखट आमटी, पालेभाजी. चव छान. पण ताट एकटीचं. जन्मात कधी एकटीच्या ताटात जेवले नव्हते. आमच्याकडे एकाच परातीभोवती सगळे, ज्याने त्याने आपल्या समोरचं तोडायचं. वाढायला मुलू नावाची चाळिशीची बाई आहे. तिने हातावर पाणी घातलं, तसं मी तिला म्हटलं, या जेवायला. जगात कोणीही ह्याला ‘होऊ द्या’ एवढं तरी म्हणतं. मुलू मात्र मान खाली घालून वर निघून गेली. शहरी हॉटेलांची शिस्त असेल.

समोर माणूस असताना न बोलावता घास घेणं म्हणजे आमच्यात चोरी. बिरुक तीन वर्षांचा असताना एकदा न बोलावता खायला बसला, तर मी त्याच्या हातातला तुकडा काढून घेतला होता. ते त्याच्या हाडात इतकं मुरलं आहे की तिकडे बसथांब्यावर डबा उघडला तरी तो अनोळखी गोऱ्यांना ‘या खायला’ म्हणतो. ते बिचारे बिचकून दूर सरकतात. हे सांगताना तो हसतो आणि मला पोरगा वाया गेला नाही याचा आनंद होतो.

हिदार १८

आज एक गंमत केली. मुलू वर गेल्यावर तिथे काठावर चिटपाखरूही नव्हतं. घास उचलला आणि परत ताटात ठेवला. एकटा जेवतो तो एकटा मरतो, असं माझी आई म्हणायची. शेवटी समोरच्या रिकाम्या खुर्चीलाच म्हटलं, या जेवायला. वेडी म्हातारी! पण मग जेवण गोड लागलं.

मुलू ताट उचलायला आली तेव्हा ते पार रिकामं होतं. मी तर माझ्या बाजूचं अर्धंच खाल्लं होतं. डोळे मिटून उन्हात जरा बसले, तेवढ्यात पक्ष्यांनी हात मारला असणार. इथले पक्षी भारी धीट आहेत.

हिदार १९

पक्षी नाहीत. आज मी नीट बघितलं. पलीकडच्या बाजूचा इंजेरा बोटांनी तोडलेला होता, कडेपासून आत, माझ्या बाजूला अजिबात न शिरता. इतकं रीतीने जेवणारा पक्षी मी पाहिलेला नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं असं जेवत नव्हती. समोरच्या खुर्चीची पांढरी गादी ओली होती.

घाबरायला हवं होतं. पण संध्याकाळी खोलीत बसले आणि जाणवलं, की दिवसभरात मला बरं वाटलेलं तेवढंच. घर पडलं तशा माझ्या शेजारणी चार दिशांना गेल्या. रोज तिघी-चौघींत कॉफी व्हायची, तिसरा पेला संपल्याशिवाय कोणी उठायचं नाही. इथे यंत्रातून एक कप येतो. बरोबर बिस्किट, कागदात गुंडाळलेलं. मला फार एकटं वाटतं. कोणाला सांगणार? बिरुकला सांगितलं तर त्याचा जीव टांगणीला लागेल.

हिदार २०

आज हाक मारली आणि वाट पाहिली. खुर्ची किंचित कुरकुरली. पाण्याचा वास आला, तळाच्या पाण्याचा. दिसलं काही नाही.

मी घास केला, आमटीत बुडवला आणि हात पुढे धरला. पाहुण्याला स्वतःच्या हाताने भरवायची आमची रीत, तसा. बोटांना ओठ लागले. फार थंड. घास गेला. मी हात मागे घेतला, पण ओरडले नाही. बोटं नॅपकिनला पुसली, मग पुन्हा पुसली.

आमच्यात म्हणतात, एक घास भांडण लावतो, दुसरा दुरावा आणतो, तिसरा जीव जोडतो. एकावर थांबणं वाईट. पण आज तेवढंच पुरे झालं.

हिदार २१

बिरुकचा फोन आला, चेहरा दिसतो तसला. मी जेवत होते. मागे सरोवर दाखव म्हणाला, म्हणून मी फोन फिरवला. तो खूश झाला. बरं झालं, मैत्रीण मिळाली तुला, म्हणाला. मी विचारलं, कोण मैत्रीण. तर म्हणे, ती समोर पांढऱ्या शालीत बसलेली, तिला माझा नमस्कार सांग, आणि शाल भिजलीय तिची, सर्दी होईल म्हणावं.

मी सांगते म्हटलं. फोन ठेवला. समोर रिकामी खुर्ची.

हिदार २२

आज बोलावलं नाही. तरी खुर्ची ओली होती, मी पोचायच्या आधीच. भुकेलं माणूस ताटाकडे कसं बघतं, ते न बघताही कळतं. मला दया आली. खरंच आली. दुसरा घास दिला.

आणि तिने परत केला. भरवलेल्याची परतफेड करायचीच असते, नाकारलं तर अपमान. माझ्या ओठांवर काहीतरी टेकलं. मी तोंड उघडलं. का उघडलं? सवयीने. शेवाळ, गाळ, काहीतरी मऊ. गिळलं. खोलीत येऊन खूप ओकले. नुसतं पाणी.

हिदार २३

आवाज बसला आहे. मुलूने माझं तोंड बघितलं आणि ती रडायलाच लागली. माझं चुकलं बाई, पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, असं म्हणत तिने सगळं सांगितलं. हॉटेल नव्हतं तेव्हा ह्या काठावर बायका धुणं धुवायला यायच्या. दिवसभर राबायच्या पण इथे तुकडा मोडायच्या नाहीत. इथे जेवायला बोलावलं की कोण येईल ते सांगता येत नाही. मागच्या वर्षी आदामा शहरातला एक विधुर वकील ह्याच टेबलावर जेवायचा. आधी ताट अर्धं व्हायचं, मग तो दोन ताटं मागवू लागला. एका दुपारी, भर उन्हात, त्याने हात धुतले, आता त्यांच्याकडचं आमंत्रण आहे म्हणाला, आणि उरलेल्या चार पायऱ्या उतरून पाण्यात गेला. सापडला नाही.

तीन घास झाले की ती आपल्या घरी जेवायला नेते. रीतच आहे ती, आपलीही. मी विचारलं, तिसरा दिलाच नाही तर? मुलू म्हणाली, मग ती बसून राहते उपाशी, इथे पुढचं कोणी बोलावेपर्यंत. आणि उपाशी ठेवली की मग तीन घासांची वाट बघत नाही. वकिलानंतर एकाने तिला दोन घासांवरच सोडलं, मग एक नवरी आली होती. तिने नवऱ्याला म्हणून ‘या जेवायला’ म्हटलं. एकाच घासात नेली तिला.

मुलू म्हणते आजच निघा. गाडी मागवते म्हणाली. मी बॅगही भरली. मग गाडीवाल्याला सांगायला पत्ताच सुचेना. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पत्ता नाही. चार दिवसांचा तर प्रश्न आहे. खोलीतच जेवेन. खाली जाणार नाही.

हिदार २४

ताप. मुलू भाकरी वर आणून देते, भिंतीकडे तोंड करून खा म्हणते. बोलायला गेले की घशात पाणी गुळगुळतं.

बाल्कनीतून खाली बघितलं. टेबल मांडून ठेवलंय. एका खुर्चीची गादी पांढरी, एकीची काळपट, ओली. ती माझी वाट बघते.

मलाही तिची आठवण येते. हे लिहू नये. पण येते.

हिदार २५

बिरुकचा फोन लागत नाही. विमानात नसेल ना? नाही, अजून दोन दिवस आहेत.

आल्या आल्या त्याला वरच बोलवायचं. खाली पाण्याचा थेंबही घेऊ द्यायचा नाही. मुलूला सांगून ठेवलं, पण तिची उद्या सुट्टी—

हिदार २६

बिरुक आलाय. एक दिवस आधी. मला चकित करायला.

खाली आहे. त्याच टेबलावर. कोणीतरी नेऊन बसवलं त्याला. कोरड्या खुर्चीवर.

फोन केला. वर बघून हात हलवतो, हसतो. आई, ये ना खाली, जेवण मागवलंय, पोटात कावळे ओरडतायत, म्हणाला. मी बोलायला गेले तर पाणी आलं. नुसतं पाणी, हनुवटीवरून. आवाज येत नाही गं आई, म्हणाला आणि ठेवला.

मेसेज लिहिला. जेवू नकोस. त्याने फोन उपडा ठेवलाय. जेवताना फोन बघायचा नाही, हेही मीच शिकवलं—

एकशेचाळीस पायऱ्या. अकराव्या पायरीवर तापाने खाली बसले. परत आले, भिंत धरून.

ताट आलं. हात धुतले. थांबलाय माझ्यासाठी. किती थांबेल? रात्रभर प्रवास केलेलं उपाशी पोर.

घास केला त्याने. हातात धरलाय. समोर बघतोय. आता म्हणेल. न म्हणता खाणार नाही तो. माझाच मुलगा—

मी आधी बोलावलं. नुसते ओठ हलवले. या जेवायला. वर या. तेवढं पुरलं. खुर्ची सरकली. बिरुक दचकून उठलाय.

पायऱ्यांवर ओले पाय. येतेय.

कालची भाकरी आहे. तिसरा घास करून ठेवलाय. दार उघडं टाकलं, पाहुण्याला दारात ताटकळत ठेवू नये. तिचं पोट भरलं की ती कोणाची वाट बघणार नाही. तुझी नाही.

वही तुझ्यासाठी, बिरुक. रडू नकोस. मी एकटी नाही जात आहे, बघ. किल्ली घे, घर मांड. पोटभर जेवत जा, बाळा. पण इथे, ह्या काठावर, कोणालाही, कधीही, जेवायला म्हणू—