आल्याचं दूध

बाई, आपल्या लोखंडी जिन्यावर वाजणारे चार बूट मला अजून ऐकू येतात. साहेबांचे जड, सावकाश. त्यांच्यामागं दोन पायऱ्या सोडून तुमचे हलके. एकट्याचा आवाज कधी आलाच नाही. तुमच्या मॉर्मन पंथात सेवेवर आलेल्यांनी जोडीदाराला सोडून फिरायचं नाही असा नेम असतो, हे तुम्ही पुढं सांगितलंत. तोवर सुरतेतल्या नवागामची आमची गल्ली म्हणायची, म्हातारा-म्हातारीचं प्रेम बघा, कोथिंबीर आणायलाही जोडीनं जातात.

खाली आम्ही, वर तुम्ही. नातवंडांचे फोटो भिंतीला चिकटवून दीड वर्षासाठी परमुलखात राहायला आलेली दोन पिकल्या केसांची माणसं, छातीवर नावाची काळी पाटी. साहेब दिवसभर अपंगांसाठी चाकाच्या खुर्च्या जुळवत बसायचे आणि तुम्ही तिथंच, त्यांच्या नजरेसमोर, दारातल्या ओट्यावर माझ्याकडून मराठी शिकायचात. मी लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा कामगार, सातवी शिकलेला. व्याकरण मला कुठलं यायला? शाळेतल्या कविता तेवढ्या तोंडपाठ, त्याच शिकवल्या. शेजारच्या कारखान्यातली लूमची खटखट हाच आपला ताल. कवितेत एखादं पाखरू आलं की तुम्ही म्हणणार, दाखवा. आता नवागामात मी पाखरू कुठून आणू? मग कापडाच्या कोऱ्या तुकड्यावर खडूनं काढून दाखवायचो आणि तुम्ही तो तुकडा घडी घालून पर्समध्ये ठेवायचात.

चहाचं मात्र पहिल्याच दिवशी बिनसलं. माझी आई कपबशी घेऊन वर आली, तुम्ही हात जोडून नको म्हणालात. तुमच्याकडं चहा-कॉफी वर्ज्य, देवाला दिलेला शब्द, हे तिला कसं कळावं? आमच्या हातचं चालत नसेल, असंच तिला वाटलं. धुळ्याकडच्या गावात असताना तिनं हे बरंच सोसलं होतं. आठ दिवस ती तुमच्याकडं बघेना. मग एका दुपारी तुम्ही साहेबांना घेऊन खाली आलात, आमच्या माठातलं पाणी मागितलंत आणि तिच्यासमोर दोन पेले रिकामे केलेत. त्यानंतर आईनं भाकरी केली आणि तुम्हाला पाठवली नाही, असा दिवस आठवत नाही.

आणि मग तो दिवस. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून साहेब तुम्हाला धरून आणताहेत. तिकडं तुमच्या देशात तुमची थोरली बहीण वारली. परत जायचं का, असं त्यांनी विचारलं. तुम्ही नाही म्हणालात, दीड वर्षाचा शब्द दिलाय. आमच्यात दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी चहा घेऊन जातात. आई म्हणाली, "दुखना घरमा कोनी चहाले नही म्हनत नही. जाय, दी ये."

मला तुमचा नेम ठाऊक होता, आईलाही एव्हाना ठाऊक होता. पण रीत म्हणजे रीत. मी दूध उकळलं, आलं ठेचून टाकलं. नुसतं दूध आजाऱ्याला देतात, ते घेऊन वर जायला मन होईना. तेव्हा डब्यातली चिमूटभर चहाची पत्ती टाकली आणि गाळून घेतलं. वर तुम्ही खाटेवर बसलेल्या. पेला हातात घेऊन विचारलंत, "यात काय आहे, भाऊ?" मी म्हणालो, "आलं आणि दूध."

तुम्ही शेवटच्या घोटापर्यंत प्यालात. तुमचा थंडगार हात माझ्या हातावर ठेवलात. मुदत संपवून तुम्ही गेलात, काही वर्षांनी तुम्ही वारल्याचं साहेबांचं पत्र आलं, मग साहेबही गेले. सांगायचं राहून गेलं. तुम्ही इतकी वर्षं पाळलेला शब्द माझ्या खोटेपणानं मोडला. तुम्हाला चव कळली होती का? कळूनही प्यालात का? हे विचारायलाच सकाळी पत्र लिहायला बसलो होतो, कुठल्या पत्त्यावर टाकायचं हे माहीत नसताना.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात पांढऱ्या केसांची परदेशी बाई, मागं तिचा नवरा, दोघांच्या छातीवर काळी पाटी. हनुवटी थेट तुमची. तिनं पर्समधून खडूची पुसट पाखरं असलेला कापडाचा तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला. तुमची लेक, बाई. तीही नवऱ्याबरोबर दीड वर्षासाठी इकडं आली आहे. तिचं इंग्रजी माझी नात मराठीत सांगत होती. शेवटच्या आजारपणात तुम्ही सुरतचं आल्याचं दूध मागायचात म्हणे. तिनं कितीदा करून दिलं, तुम्ही एक घोट घेऊन म्हणायचात, हे ते नाही.

"आजोबा, त्या विचारताहेत, तुम्ही त्यात काय घालायचात?"

तुमची लेक वही उघडून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी होती. मी आलं काढून ठेवलं, दूध ठेवलं. मग फळीवरचा पत्तीचा डबा काढला आणि तिच्यासमोर ठेवला.